घरात दुसरं कोणी नसताना : नळ, वीज, काच, चटका आणि अडकलेलं दार

एकट्याने राहायला लागलेल्या माणसाला आधी घरकामाची धास्ती असते. घरकाम जमतं. खरी पंचाईत होते ती रात्री उशिरा फ्लशची टाकी वाहायची थांबेना किंवा ग्लास फुटला आणि पायात काही नाही, अशा वेळी. या गोष्टी तशा किरकोळच. भरल्या घरात त्या घडतात आणि पाच मिनिटांत विसरल्या जातात, कारण एकजण नळाखाली बादली धरतो, दुसरा कॉक बंद करायला धावतो आणि तिसरा काहीच न करता नुसता ओरडतो, "अरे, आधी मेन बंद कर!" या तिसऱ्याची किंमत एकटं राहायला लागल्यावर कळते.

त्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाची कामं आधीच कशी करून ठेवायची आणि प्रसंग आला की कोणत्या क्रमाने हात चालवायचे, एवढंच इथे सांगायचं आहे. दुरुस्ती शिकवायचा बेत नाही. एकट्या माणसाला दुरुस्तीपेक्षा "बंद करणं" यायला हवं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, उजेडात, कुणाला तरी बोलावूनही होते.

राहायला आलात की आधी तीन गोष्टी शोधा

पाणी, वीज आणि गॅस कुठून बंद होतात हे सामान लावायच्याही आधी बघून घ्या.

पाण्याचा मेन कॉक कधी सिंकखाली, कधी बाथरूमच्या छताजवळ, तर कधी घराबाहेर मीटरपाशी असतो. सापडला की तो खरंच फिरतो का ते बघा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐन वेळी जाम निघतो, आणि पाणी अंगावर उडत असताना जोर लावला की मूठच मोडून हातात येते. निवांत असताना हळूहळू बंद-चालू करून बघा आणि पुढेही काही महिन्यांनी एकदा फिरवत जा. फिरतच नसेल तर घरमालकाच्या मागे लागून बदलून घ्या. बेसिनखाली, कमोडच्या मागे, वॉशिंग मशिनच्या नळापाशी छोटे अँगल कॉक असतात. ते नीट चालत असतील तर एका नळापायी घरभरचं पाणी बंद करावं लागत नाही.

विजेच्या बोर्डवर एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप खाली पडून वीज तोडणारे स्विच, रांगेने बसवलेले असतात आणि कुठला कुठल्या खोलीचा हे बहुतेक ठिकाणी कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. दिवसाउजेडी एकेक खाली करा, काय बंद पडतं ते बघा आणि चिकटपट्टीवर लिहून लावा. त्याच बोर्डवर "टेस्ट"चं छोटं बटण असलेला जरा रुंद स्विच असेल, तर तो आरसीसीबी. एमसीबी तारांना वाचवतो, आरसीसीबी माणसाला. वीज भलत्याच वाटेने, म्हणजे कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत जायला लागली की तो पुरवठा तोडतो. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी घरात बसवतात तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा असतो. टेस्टचं बटण दाबल्यावर तो खाली पडलाच पाहिजे. पडत नसेल तर तो नुसता शोभेचा आहे. आणि मुळात बसवलेलाच नसेल, तर इतर सगळा खर्च मागे ठेवून तो बसवून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. शॉक लागलेल्या माणसाला सोडवायला दुसरं कुणीतरी घरात असावं लागतं, आणि तुमच्या घरात ते नाही.

गॅसचं सोपं आहे. सिलिंडर असेल तर रेग्युलेटरची कळ, पाइपचा गॅस असेल तर शेगडीच्या मागचा कॉक आणि मीटरजवळचा कॉक. कुठल्या दिशेला फिरवल्यावर बंद होतो ते हाताने करून बघा.

या सगळ्याचे फोटो फोनमध्ये ठेवा. प्लंबर फोनवर विचारतो, "कॉक कुठला आहे, पितळी की प्लास्टिकचा?" आणि आपण घोट्याभर पाण्यात उभे असतो. तेव्हा फोटो पाठवून दिला की प्रश्न मिटतो.

काय हाताशी ठेवायचं आणि कुठे

मोठमोठ्या टूलकिटच्या नादी लागू नका, त्यातली निम्मी हत्यारं कधी बाहेर निघत नाहीत. एक सरकता पान्हा, एक पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, जाड रबरी हातमोजे, प्लंजर (तुंबलेलं मोकळं करायची दांड्याची रबरी वाटी), एक जादा बादली आणि जुनी फडकी. एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात.

वस्तू घरात असण्याइतकंच ती कुठे आहे हेही महत्त्वाचं. टॉर्च हत्यारांच्या डब्यात ठेवली तर ती अंधारात शोधायला दुसरी टॉर्च लागेल. ती उशाशी हवी. बंद बुटांची किंवा जाड तळाच्या चपलांची एक जोडी पलंगाशेजारी ठेवा, का ते काचेच्या भागात येईलच.

प्रथमोपचाराचा डबा एका हाताने उघडून बघा. कापतो बहुधा एक हात आणि पट्टी बांधायला उरतो दुसरा, तोही बरेचदा सवय नसलेला. घट्ट झाकणाचा डबा, न फाटणारं प्लास्टिकचं वेष्टन, टोक न सापडणारी चिकटपट्टी, यातलं काहीच त्या वेळी चालत नाही. गॉजची पाकिटं सहज फाटतील अशी घ्या आणि चिकटपट्टीच्या टोकाला दुमड घालून ठेवा. काही तुकडे आधीच कापून झाकणाच्या आत चिकटवून ठेवले तर फारच उत्तम.

आंघोळीला जाताना फोन बरोबर न्या. पण तो खिडकीच्या वरच्या कट्ट्यावर ठेवून उपयोग नाही, जमिनीवर पडलेल्या अवस्थेत हात पोचेल इतका खाली हवा, आणि पाणी उडणार नाही अशा जागी. घरात एकटेच असताना बाथरूमला आतून कडी लावायचं कारणही नाही, ती सवय मोडा.

शिवाय एक माणूस ठरवून ठेवा. रोज ठराविक वेळेपर्यंत तुमचा साधा मेसेज त्याच्याकडे जाईल. तो गेला नाही तर त्याने काय करायचं हेही बोलून ठेवा : आधी फोन, मग शेजाऱ्यांना फोन, मग दुसरी किल्ली घेऊन येणं. हे न ठरवता नुसता रोज शुभसकाळ पाठवत राहिलं, तर एखाद्या दिवशी मेसेज आला नाही म्हणून कोणी जागचं हलत नाही.

पाणी वाहतंय

क्रम पाठ करा : जवळचा कॉक बंद, तो जमला नाही तर मेन बंद, पाणी प्लगपर्यंत पोचत असेल तर त्या भागाची वीज बंद, मग जमिनीवरचं सामान वर, आणि पुसणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात. आधी फडकं घेऊन पुसत बसतात आणि मागून पाणी येतच राहतं. वीज बंद करायला पाण्यातून चालत जावं लागणार असेल तर मात्र जाऊ नका. बाहेर पडा आणि मदत बोलवा.

नळ नुसता ठिबकत असेल तर तो सकाळपर्यंत थांबू शकतो. टपटपीने झोप लागत नसेल तर नळाच्या तोंडाला एक दोरा बांधून त्याचं टोक खालच्या बादलीत सोडा, थेंब दोऱ्यावरून आवाज न करता उतरतो. साध्या चकतीच्या नळात बहुधा वॉशर झिजलेला असतो आणि तो बदलणं अवघड नाही. खालचा कॉक बंद करायचा, नळ उघडून साठलेलं पाणी काढून टाकायचं, आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबायचं. ते फडकं विसरू नका, नाहीतर सुटलेला बारका स्क्रू थेट पाइपात जातो. जुना वॉशर खिशात घालून दुकानात न्या, नुसतं माप सांगून हमखास चुकीचा मिळतो.

फ्लशची टाकी वाहत राहिली तर झाकण काढून आतला फ्लोट हाताने वर उचला. पाणी थांबलं तर फ्लोट किंवा त्याचा व्हॉल्व्ह बिघडला आहे. थांबलं नाही तर तळाचं रबरी सील बघा. सील गळतं की नाही याची सोपी परीक्षा म्हणजे टाकीत थोडा खायचा रंग टाकायचा आणि फ्लश न करता १५-२० मिनिटं थांबायचं. रंग खाली कमोडमध्ये उतरला की सील गेलं. दुरुस्ती होईपर्यंत मागचा अँगल कॉक बंद ठेवा आणि बादलीने पाणी ओता.

कमोड तुंबून पाणी वर चढायला लागलं की हात आपोआप पुन्हा फ्लशकडे जातो. तो आवरा. दुसऱ्या फ्लशचं पाणी जमिनीवरच येणार. कॉक बंद करून पातळी उतरू द्या, मग प्लंजर घ्या. प्लंजरची रबरी वाटी पाण्याखाली बुडलेली असली पाहिजे, हवा दाबली जाऊन काही होत नाही. बेसिन तुंबलं तरी प्लंजरच, पण त्याला वर ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निसटतो. तरीही निघालं नाही तर बेसिनखालचा वळणदार ट्रॅप उघडता येतो. आधी त्याच्याखाली बादली ठेवा आणि बादलीतलं घाण पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नका. हसू नका, ट्रॅप काढलेला असताना ते थेट पायावर येतं आणि हे अनेकांच्या हातून होतं. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि केसांचा गोळा जागचा हलत नाही. त्यापेक्षा वाकवलेल्या तारेचा आकडा बरा.

इथेच सगळ्यात गंभीर सूचना. ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, एक ओतल्यावर लगेच दुसरंही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतो, तोही घातक. बंद बाथरूममध्ये वाकून घासणाऱ्या माणसाला हे कळेपर्यंत उशीर होतो, आणि बाहेरून "काय वास येतोय?" असं विचारायला कोणी नसतं. नाकाला-डोळ्यांना झोंबायला लागलं तर धुऊन टाकायला थांबू नका, श्वास रोखून बाहेर या आणि दार लावून घ्या. श्वासाचा त्रास होत असेल तर लगेच मदत मागा. ड्रेन उघडायची पावडर आधी टाकली असेल तर नंतर प्लंजरही मारू नका, तेच पाणी तोंडावर उडतं.

वीज गेली, पण फक्त तुमचीच

आधी खिडकीतून बघा. सगळीकडे अंधार असेल तर बोर्डला हात लावायची गरज नाही. फ्रिज उघडू नका एवढंच. बंद फ्रिजमधला थंडावा साधारण ४ तास टिकतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास.

शेजारी उजेड आहे आणि तुमच्याकडे नाही, तर :

१. हात कोरडे, पायात चप्पल, हातात टॉर्च. बोर्डकडे जाताना नाक वापरा. जळका वास, काळवंडलेलं प्लास्टिक किंवा चरचर आवाज असेल तर पुढे जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. धूर असेल तर आपत्कालीन क्रमांक.

२. कुठला एमसीबी पडला आहे ते बघा. त्या लाइनवरच्या सगळ्या उपकरणांच्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

३. एमसीबी आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. काही एमसीबी पडल्यावर मधेच अडकतात आणि तिथून वर जात नाहीत.

४. टिकला, तर उपकरणं एकेक करून लावत जा. जे लावल्यावर पुन्हा पडेल तेच बिघडलं आहे. ते बाजूला ठेवा.

५. एकही पिन लावलेली नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तो तसाच खाली राहू द्या. पुन्हा पुन्हा वर करून बघणं हा हट्ट घर पेटवू शकतो.

लगेच न पडता बऱ्याच वेळाने पडत असेल, तर बहुधा एका लाइनवर फार भार झाला आहे : हीटर, इस्त्री आणि ओव्हन एकदमच. त्यावर जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणं हा उपाय नव्हे, कारण भिंतीतली तार तेवढीच राहते आणि मग ती तापते. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालणारे महाभागही याच जातीचे.

बल्ब होल्डरमध्येच फुटला तर भिंतीवरचं बटण बंद करून भागवू नका, त्या लाइनचा एमसीबी खाली करा. मग पकडीने पत्र्याचा भाग धरून फिरवा, डोळ्यांवर चष्मा हवा. आणि चढण्यासाठी खुर्चीवर स्टूल रचू नका.

गॅसचा वास आणि पेटलेली कढई

गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखं उग्र वासाचं रसायन मिसळतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साठतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. वास आला की एकही विजेचं बटण दाबायचं नाही. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडू शकते. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह होतो, तोही नाही. रेग्युलेटर किंवा कॉक बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, आणि आपण बाहेर. फोन बाहेर जाऊनच करा. शेजाऱ्यांना उठवायचं असेल तर बेल न वाजवता दार ठोका. गळती कुठे आहे ते नंतर साबणाच्या फेसाने तपासता येतं, बुडबुडे येतात तिथे गळती. काडी ओढून बघणारे अजूनही आहेत म्हणून हे लिहावं लागतं.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर बर्नर बंद करा, पण ज्वाळांवरून हात न्यावा लागत असेल तर तोही नाद सोडा. झाकण किंवा धातूचं मोठं सपाट ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत वर ठेवा. वरून टाकू नका. मग पूर्ण थंड होईपर्यंत ते उचलून बघायचं नाही, हवा मिळाली की तेल पुन्हा पेटतं. कढई उचलून मोरीत नेऊ नका. पाणी तर अजिबात नको. पाणी तेलाखाली बुडतं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते. ती वाफ जळतं तेल घेऊन छतापर्यंत उडते. झाकण ठेवून आग दबली नाही किंवा ती कढईबाहेर गेली, की एकट्या माणसाने दुसरा प्रयत्न करू नये. बाहेर पडा, मागे दार ओढून घ्या, फोन करा.

जळणाऱ्या गॅसशी निगडित आणखी एक धोका बिनवासाचा आहे : कार्बन मोनॉक्साइड. बंदिस्त बाथरूममध्ये गॅसगिझर चालू असेल तर तो साठतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि आपण समजतो थकवा आला. घराबाहेर गेल्यावर डोकेदुखी थांबते आणि परतल्यावर सुरू होते, असं होत असेल तर संशय घ्या. हवा येण्या-जाण्याची वाट उघडी ठेवा आणि अलार्म बसवून घ्या.

काच फुटली

ग्लास फुटल्यावर पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. पाय जिथे आहे तिथे राहू द्या. भरल्या घरात आपण जागेवरून हाक मारतो, "चपला टाक रे!" इथे मारायला हाक नाही. म्हणून ती पलंगाजवळची जोडी. ती दूर असेल तर हाताला येईल तो टॉवेल, उशी, पायपुसणं पुढे टाकत त्यावर पाय ठेवून बाहेर पडा.

मोठे तुकडे हातमोजे घालून उचला. बारीक ठिकऱ्या झाडून सुपलीत घ्या. उरलेला चुरा दिसत नाही, तो पुसायला ओला कागद जाड घडी करून टिपत न्या. घासू नका, टिपा, आणि प्रत्येक वेळी नवी घडी. पुसायचं नेहमीचं फडकं वापरलंत तर काच त्यात अडकून पुढच्या वेळी हातात घुसते. मग खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च जमिनीवर आडवी ठेवून हळूहळू फिरवा. वरच्या उजेडात न दिसणारे कण आडव्या उजेडात चमकतात, लांबट सावलीसकट. कपाटाखाली आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत बघा, काच वाटते त्याहून बरीच लांब उडते. शेवटी चपलेचे तळ तपासा. सगळं जाड कागदात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर मोठ्या अक्षरांत "काच" लिहा. कचरा उचलणाऱ्याचे हात आपल्यासारखेच असतात.

ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला तर पद्धत वेगळी. त्यात थोडा पारा असतो. खिडकी उघडून ५ ते १० मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. जाड पुठ्ठ्याने गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने टिपा आणि झाकणाच्या बरणीत बंद करा.

अंगावर बेतलं तर

आधी एक नियम, जो एकट्यांसाठीच आहे. चक्कर येतेय, रक्त थांबत नाही, छातीत दुखतंय, घास अडकलाय, काहीही असो, हातपाय चालतायत तोवर घराच्या दाराची कडी काढा आणि मग दारापाशीच बसा. मदतीला माणसं येतात आणि आतून लावलेल्या दारापाशी अडतात, असं व्हायला नको.

भाजलं, पोळलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. फोनवर टायमर लावा, कारण वेदना कमी झाली की पाच मिनिटांतच हात काढावासा वाटतो. खुर्ची ओढून बसा. अंगठी, घड्याळ, बांगडी सूज यायच्या आत काढा. भाजून वेळ गेला असेल तरी पाण्याखाली धरा, ३ तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, तेल-तूप काही लावू नका. फोड फोडू नका. वर स्वच्छ, दोरे न सुटणारं कापड किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म सैल ठेवा, घट्ट गुंडाळू नका. भाजलेली जागा तुमच्या पंजाहून मोठी असेल, चेहऱ्यावर, हातापायांवर, सांध्यावर किंवा गुप्तांगावर असेल, किंवा विजेने वा रसायनाने भाजलं असेल, तर डॉक्टरकडेच.

कापलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून १० मिनिटं धरा. मधे उचलून बघायचं नाही, दर वेळी बघितलं की जमलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. उभं राहू नका, रक्त बघून भोवळ येते आणि मग डोकंही फुटतं. आत काच रुतली असेल तर ती ओढू नका, बाजूंनी दाबा आणि दवाखाना गाठा. जखम खोल किंवा घाण असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. साध्या, स्वच्छ जखमेला शेवटचा डोस १० वर्षांच्या आतला असला तर चालतो, घाण जखमेला ५ वर्षांच्या आतला हवा.

घास अडकला आणि खोकता येतंय, तर जोरात खोकत राहा. आवाजच फुटत नसेल तर आपत्कालीन क्रमांक लावून फोन स्पीकरवर ठेवा, बोलता आलं नाही तरी. कडी काढा. मग बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून दुसऱ्या हाताने आत आणि वर झटके द्या, किंवा न सरकणाऱ्या खुर्चीच्या पाठीवर पोटाचा तोच भाग टेकवून अंगाचा भार झटक्याने टाका. निघाला तरी नंतर डॉक्टरांना पोट दाखवून घ्या.

घसरून पडलात तर लाजेने ताडकन उठू नका, बघायला कोणी नाही. आधी पडून राहा, मान, कंबर, पाय हलवून बघा. कुशीवर वळा, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर हात टेकून एक पाय रोवा आणि उठा. उठता आलंच नाही तर फोन, आणि फोन नसेल तर भिंतीवर किंवा पाइपवर ठोकत राहा.

डोळ्यात रसायन उडालं तर २० मिनिटं पाणी, लेन्स काढून. घोळणा फुटला तर मान मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायचा.

दार

कचरा टाकायला म्हणून बाहेर पडावं, वाऱ्याने दार ओढलं जावं आणि लॅच लागावा, हा एकट्यांच्या घरातला अगदी नेहमीचा प्रसंग. दार ओढण्याआधी किल्ली हातात, ही सवय लावून घ्या. दुसरी किल्ली चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या विश्वासाच्या माणसाकडे द्या. पायपुसण्याखाली किंवा कुंडीत नको, चोरही आधी तिथेच बघतो. आत गॅस चालू राहिला असेल तर किल्लीवाल्याची वाट बघत बसू नका, अग्निशमन दलाला कळवा. शेजारच्या गॅलरीतून उडी मारून आत जाण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. कुलूप तोडायचा खर्च हाडाच्या खर्चापुढे काहीच नाही.

किल्ली अडखळत फिरत असेल तर तिच्यावर मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तेलाने तात्पुरतं बरं वाटतं, पण त्यावर धूळ बसते. किल्ली आतच तुटली तर दुसरी घालून ढकलू नका, टोक बाहेर दिसत असेल तर पकडीने सरळ ओढा.

खोलीत अडकलात आणि दार तुमच्याकडे उघडणारं असेल, तर बिजागऱ्या तुमच्याच बाजूला आहेत. बहुतेक बिजागऱ्यांची पिन खालून स्क्रू ड्रायव्हर लावून ठोकली की वर सरकते. आधी खालची काढा, मग वरची.

फोन पाण्यात पडला

काढा, बंद करा, चार्जिंगला लावू नका, वाऱ्यावर वाळू द्या. तांदळात पुरायचा उपाय सोडा, पीठ आणि कणच आत जातात. लॅपटॉपवर काही सांडलं तर आधी पिन काढा, बंद करा आणि तंबूसारखा उलटा ठेवा.

माणूस बोलवायचा तेव्हा

बिघाडाचा छोटा व्हिडिओ काढून आधी पाठवा, म्हणजे येताना तो योग्य सामान घेऊन येतो आणि दोन फेऱ्यांचे पैसे लागत नाहीत. किती घेणार हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. अनोळखी माणूस घरात येणार असेल तर त्याच्यासमोरच कुणाला तरी फोन करून "हो, प्लंबर आलाय, तासाभरात बोलते" किंवा "बोलतो" असं सांगा, आणि दार उघडं ठेवा. एकटे राहता हे त्याला सांगायची गरज नाही. काढलेला जुना भाग मागून घ्या. गेल्यावर सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा आणि त्यावर तारीख, काय बदललं, कुठल्या मापाचं, कुणी केलं आणि किती घेतले ते लिहा. तोच नळ पुन्हा ठिबकायला लागला तर पुढच्या माणसाला आधी तो कागद दाखवा.